वाचकांचे प्रश्न : भावी शिक्षकांची मंडळे आणि मानाची सदस्यत्वे

प्रश्न : मी बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझी मावसबहीण अमेरिकेत समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण घेते. तिला तिथल्या एका ऑनर सोसायटीचे, म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांच्या मानाच्या संस्थेचे, सदस्यत्व मिळाले, तेव्हा घरात मोठे कौतुक झाले. अलीकडे मलाही एका ‘आंतरराष्ट्रीय’ संस्थेचा ईमेल आला असून शुल्क भरल्यास सदस्यत्व, प्रमाणपत्र आणि पदक मिळेल असे त्यात म्हटले आहे. हे सदस्यत्व घ्यावे का? नोकरीसाठी त्याचा उपयोग होईल का?
– एक छात्राध्यापिका, फोंडा

उत्तर : घेऊ नये. बहिणीला मिळालेला मान आणि तुम्हाला आलेला ईमेल यांत नावापलीकडे काही साम्य दिसत नाही. अमेरिकेतील अशा सोसायट्या विद्यापीठांच्या विभागांतून वाढल्या. शिक्षणशास्त्राची कापा डेल्टा पाय 1911 साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली, तर समुपदेशकांची ‘काय सिग्मा आयोटा’ (Chi Sigma Iota) 1985 साली ओहायो विद्यापीठात. या दुसऱ्या सोसायटीत यायचे तर समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे किमान एक सत्र पूर्ण झालेले असावे लागते आणि 4 पैकी 3.5 अशी गुणांची सरासरी टिकवावी लागते. शिवाय विद्यापीठात सोसायटीची शाखा असते आणि त्या शाखेला मार्गदर्शक प्राध्यापक असतो. वर्गणी तिथेही भरावी लागते आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ज्यांनी तुमची गुणपत्रिका मागितली नाही आणि तुमच्या प्राचार्यांकडे चौकशी केली नाही, त्यांनी तुमची निवड कशाच्या आधारे केली, हे त्यांनाच विचारून पाहा. शिक्षकभरतीत पाहिली जाते ती एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, निकषांनुसारची पात्रता आणि निवड परीक्षेतील कामगिरी. विकत घेतलेले पदक तिथे कोणी हातातही घेणार नाही.

असे असले तरी या सोसायट्यांकडे निव्वळ मिरवण्याची गोष्ट म्हणून पाहू नये. कापा डेल्टा पायने व्याख्यानमाला चालवली आणि अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांचे अनुभव व शिक्षण यांच्या नात्याविषयीचे प्रसिद्ध विवेचन 1938 साली त्याच मालेतून पुढे आले. तुम्ही फोंड्याच्या आहात म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. ती सोसायटी निघाली त्याच 1911 साली डॉ. दादा वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन केले. पोर्तुगीज अमलात चार माणसे एकत्र आली ती शाळा काढण्यासाठी. आपल्याकडे मंडळ या गोष्टीला वजन आले ते असे, कामातून.

प्रश्न : आम्ही बार्देशातील काही विद्यार्थी आहोत. आमच्यातील काही जण बी.एड. करत आहेत आणि काही मानसशास्त्र शिकत आहेत. भावी शिक्षक व समुपदेशकांचे एक मंडळ काढावे असा विचार आहे. मात्र उद्घाटन थाटात होते आणि पुढे काहीच घडत नाही, हा अनुभव सर्वत्र आहे. सुरुवात कशी करावी? नोंदणी आवश्यक आहे का?
– पाच विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : नोंदणीच्या फंदात पडू नका. महाविद्यालयातील मंडळाला प्राचार्यांची लेखी परवानगी आणि एक मार्गदर्शक प्राध्यापक एवढे पुरते. घटना, पदाधिकारी, बोधचिन्ह यांवर पहिले दोन महिने खर्च करणारी मंडळे तिसऱ्या महिन्यात दिसत नाहीत. उद्घाटनही करू नका, असे मी सुचवीन; शाल-श्रीफळाचे पैसे चहाला आणि झेरॉक्सला वापरा.

बैठकीत करायचे काय, हा खरा प्रश्न आहे. भाषणे नकोत, वर्गात घडलेली एकच लहान गोष्ट टेबलावर ठेवा. उदाहरणार्थ, सराव पाठाच्या वेळी तिसरीतल्या एका मुलाने 52 मधून 27 वजा करून उत्तर 35 लिहिले. आपण लाल शाईने फुली मारतो आणि पुढे जातो. बैठकीत ती वही सर्वांनी पाहावी आणि मुलाने काय विचार केला असेल ते शोधावे. एककाच्या घरात 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून त्याने 7 मधून 2 काढले, 5 लिहिले, आणि दशकाच्या घरात 5 मधून 2 काढून 3 लिहिले. म्हणजे मुलाने निष्काळजीपणा केलेला नाही. त्याने एक नियम पाळला, फक्त तो नियम चुकीचा होता. आता त्याला दहाच्या जुड्या आणि सुट्या काड्या देऊन जुडी कशी सोडवून दाखवायची, हे एकाने उरलेल्यांसमोर दहा मिनिटे करून दाखवावे. पाहणाऱ्यांनी शेरे मारू नयेत. शिकवणाऱ्याने काय विचारले आणि मुलाची भूमिका करणाऱ्याने काय उत्तर दिले, एवढेच टिपून घ्यावे. सरकारी प्राथमिक शाळेत मराठी पाठ्यपुस्तक, घरी कोंकणी किंवा कन्नड बोलणारी मुले आणि बाईंचे बोलणे या तिहींतले अंतर किती मोठे असते, तेही अशाच टिपणांतून कळते. पाठ टाचणात ते कधी उमटत नाही.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिघातिघांचे गट करावेत. एकाने आपली खरी पण किरकोळ अडचण सांगावी, दुसऱ्याने ऐकावे, तिसऱ्याने ऐकणाऱ्याने किती वेळा सल्ला दिला ते मोजावे. आपल्याला सल्ला देण्याची केवढी घाई असते, ते पहिल्याच दिवशी उघडे पडेल. बी.एड.च्या मुलांनीही या गटांत बसावे. तुम्ही दोन अभ्यासक्रमांचे लोक एकत्र येत आहात, हीच तुमच्या बेताची जमेची बाजू आहे आणि वेगवेगळ्या बैठका घेतल्यात तर ती वाया जाईल.

अडचण येईल ती वेळेची. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत छात्रसेवाकाल (इंटर्नशिप) असतो. जाणती मुले त्याच काळात हाताशी नसतात. म्हणून सहसचिव नेहमी पहिल्या वर्षाचाच असावा, आणि छात्रसेवाकालातली बैठक शक्य झाल्यास त्या शाळेतच, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, शनिवारी वर्ग सुटल्यावर घ्यावी. तिथले एखादे अनुभवी शिक्षक बसले तर सोन्याहून पिवळे. चतुर्थीच्या सुट्टीआधी तीन बैठका झाल्या नाहीत, तर मंडळ सुट्टीनंतर उभे राहणार नाही, असे समजा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात असे मंडळ आहे. शाळेत गेलो की मुले जवळ येऊन खासगी गोष्टी सांगू लागतात आणि ‘कोणाला सांगू नका’ म्हणतात. तसे वचन द्यावे का? आम्ही अजून विद्यार्थीच आहोत. ऐकून घेणे तरी योग्य आहे का?
– एक छात्राध्यापक, डिचोली

उत्तर : ऐकून घ्यावे, वचन मात्र देऊ नये. ‘तुझे बोलणे मी सर्वत्र सांगत फिरणार नाही, पण तुला धोका असेल तर मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगावे लागेल’, हे मुलाने तोंड उघडण्यापूर्वी सांगून टाकावे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि ही जबाबदारी छात्राध्यापकालाही चुकत नाही. अशा वेळी मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवावे. टाळाटाळ दिसली, तर थेट 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा. गोव्यात 2003 चा स्वतंत्र बाल कायदाही आहे; मंडळाने एक बैठक एखाद्या वकिलांना बोलावून या दोन कायद्यांसाठी राखून ठेवावी.

परीक्षेची भीती, मैत्रीतली भांडणे, घरातली ओढाताण अशा गोष्टींसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून नेमलेले समुपदेशक शाळांत येतात. ते कोणत्या वारी येतात, हे छात्रसेवाकालाच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. मोठ्यांसाठी, आणि तुमच्यापैकी कोणी स्वतः खचला असेल तर त्याच्यासाठीही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे.

तुम्ही ‘अजून विद्यार्थीच’ आहात, ही मोठी आडकाठी नाही. संगाथ ही संस्था 1996 पासून गोव्यात मानसिक आरोग्याचे काम करते. पदवीने मानसशास्त्रज्ञ नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांची प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना मदत होते, हे तिच्या अभ्यासातून दिसले आणि 2010 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. मात्र त्या समुपदेशकांना ठरावीक पद्धत शिकवलेली होती आणि त्यांच्या कामावर तज्ज्ञांची देखरेख होती. तुमच्या मंडळात अशी देखरेख करणारे कोणी नसेल, तर ‘समुपदेशन कक्ष’ असा फलक दारावर लावू नका.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका असून निवृत्तीला बारा वर्षे आहेत. आता समुपदेशन शिकता येईल का?
– एक शिक्षिका, पेडणे

उत्तर : अवश्य. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम नोकरीतील शिक्षकांसाठीही आहे. त्याचा बराच भाग दूरशिक्षणाने होतो, काही काळ केंद्रावर प्रत्यक्ष वर्ग असतात आणि प्रात्यक्षिक आपल्या गावी करता येते. गोव्यासाठीचे केंद्र भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत आहे. प्रत्यक्ष वर्गांच्या काळासाठी रजा लागेल, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी भागशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून घ्यावे.