आधी मान वळव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागाच होतो. मुद्दाम उत्तर दिलं नाही. तेव्हा दिलं असतं तर तू मला परत कधी 'काका' म्हणाला नसतास. आता सकाळ झालीय, चहा झालाय, राग निम्मा उतरलाय. फोनवर एवढं टाइप करणं मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. तुझ्या भावाच्या हाती देतो.

'काका, मिडफिल्ड सोडून विंगला जाऊ का? ट्रायलला गोल मारणाऱ्याकडंच बघतात,' असं विचारलंयस. म्हणजे फुटबॉलमधली मधली फळी सोडून मैदानाच्या कडेला. आणि त्याच मेसेजमध्ये खाली लिहिलंयस की पुण्यात ट्रायलला वीस मिनिटं मिळाली, बॉल सात-आठदा पायात आला आणि चारदा मागून कुणीतरी काढून नेला. अरे, मग उत्तर तुझ्याच मेसेजमध्ये आहे की! चारही वेळा मागून. समोरून एकदाही नाही. विंगला गेलास तर एका अंगाला साइडलाइन येईल, तिकडून कुणी येणार नाही, एवढाच फरक. म्हणजे तुला गोल मारायचे नाहीयेत बे, तुला टेकायला भिंत पाहिजे.

बॉल येण्याआधी मान वळव. तू बारा वर्षांचा होतास तेव्हापासून हेच सांगतोय. तू वळवतोस, नाही असं नाही, पण कधी? बॉल पायात आल्यावर. गाडी सुटल्यावर टाइमटेबल बघून काय करणार? पास देणाऱ्याच्या पायातून बॉल सुटायच्या आधी एकदा बघायचं, आणि बॉल वाटेत असताना परत एकदा. पहिल्यांदा बघितलेला माणूस तोवर हललेला असतो, म्हणून दुसऱ्यांदा. मग पहिला टच कुठं घ्यायचा हे पायाला आपोआप कळतं.

सगळी चूक तुझीच आहे असंही नाही. आम्ही इथं सोलापूरला होम मैदानावर खेळायचो. संक्रांतीला तिथं गड्डा, म्हणजे जत्रा भरायची, पाळणे लागायचे, दुकानं लागायची, आणि गड्डा उठला की खांबांचे खड्डे आमच्या वाट्याला राहायचे. बॉल कुठून कुठं उसळेल नेम नाही. मग पोरगं काय करणार, बॉलकडंच बघणार. सोलापूरच्या पोराची नजर खाली असते ती काही संस्कारामुळं नाही, खड्ड्यांमुळं. पुण्यात तुझ्यासमोर जी पोरं होती ती टर्फवर, सपाट गवतावर वाढलेली. बॉल सरळ येणार हे त्यांनी धरलेलंच असतं, म्हणून डोकं वर राहतं. तुझ्या पायाखाली त्या दिवशी खड्डा नव्हता, तरी तू तो शोधत होतास.

माझे वडील पूर्व भागात मागावर होते, चादरी विणायचे. मी डबा घेऊन जायचो आणि तिथंच बसून राहायचो. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, माझी मान त्याच्याबरोबर हलायची. वडील धोट्याकडं कधीच बघायचे नाहीत. त्यांची नजर ताण्यावर, उभ्या धाग्यांवर, कुठला धागा पातळ झालाय, कुठला तुटायला आलाय. एकदा विचारलं तर म्हणाले, 'धोटा येणारच हाय की, त्याला काय बघायचं?' फुटबॉल मला पहिल्यांदा त्यांनी शिकवला, आणि त्या माणसानं जन्मात एक मॅच पूर्ण बघितली नाही.

आता माझं ऐक. तुला यातलं अर्धंच माहीत आहे.

१९८५ साली मी मुंबईत एका कंपनीच्या टीममध्ये होतो. सकाळी ऑफिस, दुपारनंतर सराव, कागदावर टेम्पररी. मी हाफ खेळायचो. तेव्हा मिडफिल्डर कुणी म्हणत नव्हतं. माझी मान सारखी फिरायची. तिथले कोच बाकावरून ओरडायचे, 'काय रे, लग्नात पाहुणे शोधतोयस का?' सगळी टीम हसायची. त्यांचं म्हणणं, माझं खेळात लक्ष नाही. चौथ्या-पाचव्या मॅचनंतर मला बाहेर बसवलं. मग एक फॉरवर्ड आजारी पडला आणि मला विचारलं, पुढं खेळतोस का? तुला मी आजवर सांगत आलो की मला जबरदस्तीनं पुढं ढकललं. तसं नव्हतं. मीच हो म्हणालो. पर्मनंट करू असं कुणीतरी कानात सांगितलं होतं आणि गावाकडं बहिणीचं लग्न ठरत होतं. पहिल्या चार मॅचमध्ये दोन गोल मारले. पेपरात नाव आलं, चुकीचं छापून, पण आलं. आणि मी मान वळवायची सोडली. कशाला वळवायची? बॉल माझ्यासाठीच येत होता.

सहाव्या मॅचला पावसात चिखलात बॉल छातीवर घेतला. डावीकडून त्यांचा बॅक, बचावातला खेळाडू आला. मी बघितलंच नव्हतं. गुडघ्याचा आवाज मला अजून आठवतो, ओली फांदी मोडावी तसा. ऑपरेशन झालं नाही, तेव्हा आमच्यासारख्यांचं कोण करणार. टेम्पररीचा कागद पुढच्या महिन्यात संपला. रेल्वेनं सोलापूरला आलो, खिडकीत पाय लांब करून.

त्या कोचवर माझा राग आहे? होता. पण पाहुणे शोधण्यात मी बरोबर होतो, हे तुला लेखी देतो. नॉर्वेत गेइर योर्डेट नावाचे संशोधक आहेत. इंग्लिश प्रीमियर लीगचे खेळाडू बॉल येण्याआधी किती वेळा मान वळवून बघतात, हे त्यांनी व्हिडिओ लावून मोजलं. जास्त बघणाऱ्यांचे पास जास्त पोचतात असं निघालं. त्यांच्या यादीत लॅम्पार्ड आणि जेरार्ड हे इंग्लंडचे दोन मिडफिल्डर अगदी वर होते, दर दोन सेकंदांत एकाहून जास्त वेळा मान वळवणारे. माझ्या पुतण्यानं हे मला मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी दोनदा वाचायला लावलं. घरात कुणाला काही वाटलं नाही. मी गच्चीवर जाऊन बसलो.

आणि गोल, गोल काय लावलंयस? तोच लॅम्पार्ड मधल्या फळीतून खेळून चेल्सीसाठी २११ गोल मारून गेला. त्या क्लबकडून एवढे गोल कुठल्या फॉरवर्डनंही मारलेले नाहीत. बॉल जिथं पडणार तिथं तो आधीच उभा असायचा. कसा? सांगू का परत?

भारताचं घे. ९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली, सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप, समोर कोलंबिया. फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये भारताचा पहिला गोल कुणी मारला? जॅक्सन सिंगनं, मणिपूरचा पोरगा, मिडफिल्डर. कॉर्नरवर उडी मारून हेडर. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, म्हणून मी ती मॅच मांडी न मोडता बघितली. १-१ झालं, अख्खी टीम गळ्यात पडली, मीही इथं शेजाऱ्याच्या गळ्यात पडलो. आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल मारला. आनंदात सगळ्यांच्या माना एकाच दिशेला होत्या. मी पोरांना दोष देत नाही. सतरा वर्षांची पोरं ती, आणि मी बावीसचा असताना काय केलं ते वर लिहिलंच आहे.

अंगकाठीचं रडगाणं परत गाऊ नकोस. क्रोएशियाचा मिडफिल्डर मोद्रिच, त्याला लहानपणी हायदुक स्प्लिट क्लबनं बारीक आहे म्हणून घेतलं नव्हतं. अठराव्या वर्षी त्याला बोस्नियाच्या लीगमध्ये उसना पाठवला, जिथं लोक पाय बघून नाही, पाय मोडायला खेळतात. २०१८ मध्ये तेहतिसाव्या वर्षी बॅलन डी'ओर घेतला, जगातल्या सगळ्यात चांगल्या फुटबॉलपटूचा मान. त्याला विंगर करा म्हणून कुणाच्या दारात तो गेल्याचं मी ऐकलं नाही.

बाकीचं थोडक्यात. तो जो माणूस ट्रायल लावून देतो म्हणून पैसे मागतोय, त्याचा नंबर काढून टाक. पुन्हा फोन आला तर मला दे. बाबा डिप्लोमा कर म्हणतात, तो कर. त्यात माझं-तुझं भांडण नाही. २०२५ मध्ये आयएसएलचा, आपल्या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा हंगामच लांबणीवर पडला तेव्हा करार हातात असलेली चांगली चांगली पोरं घरी बसली होती, हे तुझ्या बाबांना माहीत आहे आणि ते बरोबर विचार करतायत. सकाळी मैदान, दिवसा कॉलेज. जमतं. आम्ही ऑफिस करून खेळत होतो.

लोक म्हणतात म्हातारा पोरांना पंधरा मिनिटं बॉलला हातच लावू देत नाही, नुसत्या माना फिरवायला लावतो. गेल्या वर्षी एक पोरगा याच कारणावरून सोडून गेला. त्याची आई मला म्हणाली, 'सर, त्याला शूटिंग शिकवा, मान काय शिकवता?' तो आता दुसरीकडं सेंटर फॉरवर्ड खेळतो, गोल मारतो, त्याचे व्हिडिओ फिरतात. चांगला आहे पोरगा. मी व्हिडिओ बघतो आणि त्याच्या डाव्या खांद्याकडं बघत राहतो. तिकडं तो बघत नाही. चुकलो असेन मी, त्याला थांबवायला हवं होतं का, की सोडून द्यायला हवं होतं, ते मला कळत नाही. पण मान शिकवायची मी सोडणार नाही.

तुला मात्र असा सोडणार नाही. तुझ्यात ती गोष्ट आहे म्हणून एवढं लिहितोय. नाहीतर 'छान, प्रयत्न कर' म्हणून मेसेज टाकला असता.

उद्या सकाळी साडेपाचला होम मैदानावर ये, ऊन चढायच्या आत. भावाला आण, पास तो देईल. मी घरातले दोन टॉवेल आणतो, एक लाल, एक पिवळा. मी तुझ्या मागं दहा पावलांवर उभा राहून एकेक वर करणार, मध्येच बदलणार, मध्येच बाजू बदलणार. बॉल तुझ्या पायाला लागायच्या आधी रंग ओरडून सांगायचा. लाल म्हणालास तर डावीकडं वळायचं, पिवळा म्हणालास तर उजवीकडं. रंग चुकला की तो पास गेला, परत पहिल्यापासून. पन्नास बरोबर आले की घरी.

पाण्याची बाटली आण. मागच्या वेळी माझी संपवलीस.

तुझा
काका