मोठ्या टीमचा बेंच की छोट्या टीमचं मैदान

अगं, तुझा फुटबॉलबद्दलचा लांबलचक मेसेज वाचला. क्लबच्या ए टीमच्या लिस्टमध्ये नाव नाही, बी टीममध्ये आहे, आणि त्यात दुसऱ्या क्लबचा कोच म्हणतोय आमच्याकडे ये, आम्ही पहिल्या डिव्हिजनमध्ये (लीगच्या सगळ्यात वरच्या गटात) खेळतो, मग जाऊ का? मी एकदम हो किंवा नाही म्हणणार नाही, आधी हे लीगचं प्रकरण चालतं कसं ते समजून घे.

आत्तापर्यंत तू नऊ-नऊ जणींच्या मॅच खेळलीस, चार नंबरचा बॉल, आणि कोण जिंकलं ते संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही नसायचं. आता अंडर-१३, अंडर-१४ ला बऱ्याच ठिकाणी अकरा-अकरा, बॉल पाच नंबरचा म्हणजे घेर ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम, आणि गोलपोस्ट थेट मोठ्यांचा, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. त्याच्यात तुझ्या वयाची गोलकीपर उभी राहिली की डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच उचललेला बॉल, मारला की झाला गोल, बिचारीने उडी मारली तरी हात पोचत नाही. त्यामुळे पहिल्या सीझनला पाच-सहा गोल खाल्ले म्हणून तोंड पाडून बसायचं नाही, मैदान अंगवळणी पडायला वेळ लागतोच.

आता डिव्हिजनचं. वरच्या टीम वर जातात, तळाच्या खाली येतात, हे तुला माहितीये. पण डिव्हिजन टीमला मिळतं, खेळाडूला नाही, आणि तेही बऱ्याचदा मागच्या सीझनच्या रिझल्टवर. म्हणजे तो कोच ज्या पहिल्या डिव्हिजनची ऐट मारतोय ती ज्या मुलींनी कमावली त्यातल्या निम्म्या कदाचित वयोगट ओलांडून निघूनही गेल्या असतील किंवा क्लब सोडून गेल्या असतील. बडा घर पोकळ वासा निघायला वेळ लागत नाही, म्हणून त्याला सरळ विचार, मागच्या वर्षीच्या किती जणी अजून आहेत, आणि माझ्या पोझिशनला आधीच कोण कोण आहे?

खरा प्रश्न मिनिटांचा आहे. समज सीझनला १८ मॅच, प्रत्येक मॅच ७० मिनिटांची, म्हणजे एकूण १२६० मिनिटं. वरच्या टीममध्ये तुला शेवटची दहा मिनिटं मिळाली तर वर्षाचे १८०. बी टीममध्ये पूर्ण खेळलीस तर सात पट. प्रॅक्टिसला तू कितीही घाम गाळ, पण समोरची अंगावर येतेय, पास कुठे द्यायचा ते अर्ध्या सेकंदात ठरवायचंय, हे मॅचमध्येच शिकता येतं. माझं मत विचारशील तर तेरा-चौदाव्या वर्षी बेंचवर बसून पहिल्या डिव्हिजनचा टी-शर्ट घालण्यात काही अर्थ नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी कदाचित वेगळं सांगेन, आत्ता नाही.

मिनिटं किती मिळणार हे नियमांवरही असतं, आणि ते कुणीच वाचत नाही! लहान मुलामुलींच्या फुटबॉलमध्ये बाहेर काढलेली खेळाडू परत आत आणता येते, पण त्या त्या लीगने तशी परवानगी दिली असेल तरच. तसंच जिंकलं की ३ पॉइंट, ड्रॉ झाला की १, इथपर्यंत ठीक, पण दोन टीमचे पॉइंट सारखे झाले तर कुठे गोल डिफरन्स (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात, कुठे आपसातल्या मॅचचा रिझल्ट. गोल डिफरन्सवर वर-खाली होणार असेल तर ४-० ने पुढे असतानासुद्धा कोच मेन मुलींना बाहेर काढायला कचरतो, आणि काही लीगमध्ये एका मॅचचे ठराविक गोलच धरतात, तिथे तो निवांतपणे बेंचवरच्या मुलींना खेळवतो. सांगायचा मुद्दा, नियमांचा कागद मागून घे.

आणि ए टीमला नाव नाही आलं म्हणून जे 'मला खेळताच येत नाही' वगैरे लिहिलंयस ना, ते जरा थांबव. तुझा वाढदिवस डिसेंबरचा. वयोगट ठरवायची कट-ऑफ तारीख १ जानेवारी असेल तर तुझ्याच गटातली जानेवारीची मुलगी तुझ्यापेक्षा जवळपास वर्षभराने मोठी, आणि या वयात वर्षभरात उंची, ताकद, पळणं सगळं बदलतं. वयोगटाच्या टीम निवडताना कट-ऑफनंतरच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या जास्त निघते, हे अनेक देशांत अभ्यासून झालंय. (कट-ऑफ १ सप्टेंबर असती तर तूच मोठ्यांत मोडली असतीस, गंमत बघ.) उंचीचं काही करता येत नाही, पण बॉल पायात यायच्या आधी खांद्यावरून एकदा मागे बघून घेणं, आणि बॉल गेला की कंबरेवर हात ठेवून उभं न राहता लगेच मागे पळणं, हे तुझ्या हातात आहे, आणि ट्रायलला चांगला कोच हेच बघतो.

एक अजून, गुडघे सांभाळ. मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. फिफाचा ११+ नावाचा वॉर्मअप आहे, १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, ज्या टीममध्ये जाशील तिथे तो किंवा तसलं काही करून घेतात का ते बघ. नुसते मैदानाला दोन राउंड मारून मॅच सुरू करणारी टीम मला तरी आवडत नाही.

सहीची घाई करू नकोस. रजिस्ट्रेशन झालं की साधारणपणे त्या सीझनला त्याच लीगमध्ये दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नाही, सोडायचं तर आधीच्या क्लबची रिलीज, म्हणजे सोडल्याची परवानगी, लागते आणि ट्रान्सफरची तारीख उलटली की संपलं. त्या कोचला विचार, एका प्रॅक्टिसला येऊन बघू का? नाही म्हणाला तर आपला बी टीमचा फॉर्म भरून टाक. हो म्हणाला तर जा, पण आई-बाबांना जरा लांबच उभं राहायला सांग, आणि घरी आल्यावर मला सांग की तुझ्या पोझिशनला किती जणी होत्या.