तेरा हजारांचा गारवा

नागपूरचे एक वाचक घरूनच लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात. त्यांच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर रायझन ७ ७७००, वर त्याच्या खोक्यातून आलेलाच पंखा. मे महिन्यात रेंडर लावला, म्हणजे एडिट केलेला पूर्ण व्हिडिओ तयार करायला ठेवला, की तापमान ९० च्या पुढे जातं आणि आवाज मिक्सरसारखा येतो. दुकानदार पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारा १३,५०० चा लिक्विड कूलर सुचवतोय, ‘बिनव्याजी’ सहा हप्त्यांत. तांब्याच्या नळ्या, पाती आणि पंखा असलेला टॉवरचा एअर कूलर ३,२०० ला मिळतोय. गाठीशी दीड महिन्याच्या खर्चाएवढी शिल्लक आहे. काय घेऊ, असं त्यांनी विचारलंय.

टॉवर घ्या.

नागपुरात कूलर म्हटलं की खिडकीतला, खसाच्या ताट्यांचा. तो खरोखर हवा गार करतो. कॉम्प्युटरमधले हे दोन्ही प्रकार तसं काहीच करत नाहीत. ते फक्त प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीत टाकतात. खोली ३८ अंशांवर असेल तर पाणी फिरवा नाहीतर तांबं लावा, प्रोसेसर त्याच्या खाली जाणार नाही. गंमत म्हणजे टॉवरच्या तांब्याच्या नळ्यांतही थोडा द्रव असतो. खाली त्याची वाफ होते, वर पात्यांपाशी ती थंड होऊन परत येते. पंप लागत नाही, म्हणून तो बिघडतही नाही.

तुमचा प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गातला आहे. पूर्ण ताणाखाली तो ८८ वॉटपर्यंत घेतो. एवढी उष्णता बरा टॉवर आरामात हाताळतो. १७० वॉटचा रायझन ९ ७९५०एक्स असता आणि रात्र-रात्र रेंडर चालत असते, तर मी लिक्विडच्या बाजूने बोललो असतो.

आता सहा वर्षांचा हिशेब करू. टॉवर ३,२००, मध्ये एकदा पंखा बदलायचे ८०० आणि थर्मल पेस्टचे (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट) ४०० धरू. एकूण ४,४००, म्हणजे महिन्याला ६१ रुपये. लिक्विडचे पेस्टसकट १३,९००, महिन्याला १९३. तेही पंप सहा वर्षं टिकला तर. माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरचा पंप चौथ्याच वर्षी थांबला. वॉरंटीत बदलून मिळाला, पण अकरा दिवस कॉम्प्युटर बंद होता. तो गेम खेळतो, त्याचं काय बिघडलं? तुमचे ऐन लग्नसराईतले अकरा दिवस गेले तर? टॉवरचा पंखा बंद पडला तर त्याच संध्याकाळी दुसरा बसतो.

हप्त्यांचं म्हणाल तर ‘बिनव्याजी’ योजनेतही बँक बहुधा प्रक्रिया शुल्क लावते, आणि सवलत म्हणून वळत्या केलेल्या व्याजाच्या भागावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो. रक्कम किरकोळ आहे, माझी हरकत वेगळी आहे. ज्याची मिळकत हंगामी आणि शिल्लक दीड महिन्याची, त्याने पावसाळ्यात चालू राहणारा हप्ता कशाला ओढवून घ्यायचा? वाचलेल्या १०,३०० मधून आधी ग्राहकांच्या फुटेजसाठी एक बॅकअप हार्ड डिस्क घ्या. उरेल ते शिल्लकेत टाका.

खरं तर टॉवरच्याही आधी एक फुकटातलं काम करा. कॅबिनेट टेबलाखालून बाहेर काढा, पुढच्या जाळीतली धूळ ब्रशने झाडा आणि खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात ते ठेवू नका, ती हवा दमट असते. एवढ्यावरच भागलं तर ३,२०० सुद्धा वाचतील. नाही भागलं, तर दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेटची आतली रुंदी मोजून न्या. हे टॉवर साधारण साडेपंधरा-सोळा सेंटिमीटर उंच असतात आणि कॅबिनेटच्या रुंदीत आडवे बसतात; अरुंद कॅबिनेटची काच मग लागत नाही.