आलेखात कोण नाही?

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. सत्तरीनंतर उतरत गेलेली स्मरणशक्तीची रेषा पंच्याऐंशीनंतर पुन्हा वर चढते, तर तिला कोणतं मॉडेल लावू, असं विचारलं आहेस. कोणतंही लावू नकोस. त्या शेवटच्या वयोगटात माणसं किती उरली आणि ती कोण, हे आधी बघ. तपासणी केंद्रापर्यंत येऊ शकणारी, नीट ऐकू येणारी, तासभर बसू शकणारी. बाकीची वारली, अंथरुणाला खिळली, किंवा घरच्यांनी दारातूनच 'त्यांना नाही जमणार' म्हणून सांगितलं. तुझ्या रेषेत कुणाचीही स्मरणशक्ती सुधारलेली नाही. कमकुवत माणसं गळाली, म्हणून सरासरी वर गेली.

इथे कोण नाही? वार्धक्याच्या अभ्यासात उतरणाऱ्यानं प्रत्येक आकड्याला हा प्रश्न विचारावा.

'सर्व्हायव्हल बायस (फक्त टिकून राहिलेल्यांवरून निष्कर्ष काढण्याची चूक) आम्हाला शिकवलाय' असं म्हणशील. शिकवलाय, मग तक्ता कुठे आहे? किती जणांना बोलावलं, किती सापडले, किती तयार झाले, किती जणांनी चाचणी पुरी केली. दुसऱ्या फेरीत किती वारले, किती जणांनी नकार दिला, किती पत्ता बदलून गेले. आणि या प्रत्येक गटाचे पहिल्या फेरीतले गुण किती होते. हा तक्ता आधी, रिग्रेशन, म्हणजे आकड्यांवर रेषा बसवण्याचं गणित, नंतर. मृत्यू आणि नकार एकाच खान्यात कोंबू नकोस. नकार देणाऱ्याची स्मरणशक्ती आहे, आपल्याला ती मोजता आली नाही इतकंच. वारलेल्या माणसाचे गुण मात्र अस्तित्वातच नाहीत. सॉफ्टवेअर ते भरून देईल, अगदी आनंदानं देईल, आणि तू कधीच न मरणाऱ्या लोकांचा अभ्यास करत बसशील.

रिकाम्या खान्याचंही तसंच. चालण्याच्या वेगासमोर 'नोंद नाही' असं असेल, तर का नाही? स्टॉपवॉच बंद पडलं, की माणसाला खुर्चीतून उठताच आलं नाही? दुसरं कारण असेल तर तुझ्या अख्ख्या फाइलमधली ती सगळ्यात मोलाची नोंद आहे, आणि तू ती 'मिसिंग' म्हणून वगळली आहेस!

नुसत्या एका वेळच्या सर्वेक्षणावर वयाचे निष्कर्ष काढू नयेत, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांच्या सिएटलच्या अभ्यासानं दाखवून दिलं. 1956 पासून दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासायचं आणि सोबत नवी माणसं घ्यायची, अशी त्याची रचना. एका वेळी तरुण आणि वृद्ध शेजारी ठेवले की बुद्धीची घसरण फार लवकर सुरू झाल्यासारखी दिसायची. त्याच माणसांचा पाठपुरावा केल्यावर बऱ्याच क्षमता साठीपर्यंत टिकलेल्या दिसल्या. वृद्धांना तरुणपणी शाळा कमी मिळाली होती, तो फरक वयाच्या नावावर खपत होता. पण पाठपुराव्यावरही आंधळा विश्वास नको. फेरीमागून फेरी जे टिकून राहतात ते मुळातच बरे असतात. बाल्टिमोरचा वार्धक्यावरचा प्रसिद्ध अभ्यास 1958 मध्ये सुरू झाला, त्यात स्त्रिया आल्या 1978 मध्ये. वीस वर्षं 'माणूस म्हातारा कसा होतो' हे पुरुषांवरून ठरत होतं. कोण नाही, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही की असं होतं.

संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरपैकी आर शिकू की स्टेटा, यावर तू दोन परिच्छेद खर्च केलेस. काहीही शीक. वय म्हणजे चालू वर्ष वजा जन्मवर्ष, म्हणजे तिघांपैकी दोन ठरले की तिसरं ठरलंच. वयाचा, काळाचा आणि पिढीचा परिणाम कोणतंही सॉफ्टवेअर स्वतःहून वेगळा करून देत नाही. त्यासाठी गृहीतक तुलाच धरावं लागतं, आणि ते निबंधात उघड लिहावंही लागतं.

'बाई गैरहजर लोकांच्या इतक्या मागे लागल्या की हजर लोकांवरचे निबंध राहून गेले,' असं माझ्याबद्दल बोललं जातं. तुझ्याही कानावर आलंच असेल. खरं आहे. एका प्रकल्पाचा निधी संपत आला तेव्हा मी नवी भरती थांबवली आणि उरलेले पैसे न आलेल्यांच्या घरभेटींवर घातले. सहकारी चिडले. ज्याच्या भरवशावर काम उभं होतं तोच सोडून गेला. आम्ही पुन्हा कधी मोकळेपणी बोललो नाही, याची खंत आहे. पण घरी भेटलेली माणसं केंद्रावर आलेल्यांपेक्षा उघड अशक्त होती. त्यांना सोडून दिलं असतं तर आमचा अहवाल सुबक झाला असता, आणि खोटा. आजही पैसे तिथेच घालीन. हट्ट म्हण हवं तर.

तुझ्यावर निबंध लवकर पाठवण्याचा दबाव आहे, ते कळतं मला. तरी एक काम कर. मुलाखती घेणाऱ्यांना भेट, त्यांच्यासोबत बस. 'आजी प्रश्न विसरत होत्या, सून उत्तरं देत होती' असलं काहीतरी त्यांनी फॉर्मच्या समासात लिहून ठेवलेलं असतं आणि डेटा एंट्रीत त्याला जागा नसते. ते कागद रद्दीत जायच्या आत मागून घे.