करिंथकरांच्या पत्रातलं ‘ओफ्थे’ म्हणजे डोळ्यांना दिसला की दृष्टांत झाला?

तुम्ही विचारलंय की बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात मरणातून उठलेला येशू केफाला (म्हणजे पेत्राला), मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, याकोबाला आणि शेवटी पौलाला ‘दिसला’ असं म्हटलंय, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘ओफ्थे’ हा शब्द आहे. तो फक्त दृष्टांतासाठी वापरतात, म्हणजे शिष्यांनी प्रत्यक्ष काही पाहिलंच नव्हतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. हे खरं का?

खरं नाही. पण याच्या उलटा दावाही मी प्रवचनांत ऐकलाय, की ‘ओफ्थे’ आलं म्हणजे चर्मचक्षूंनी पाहिल्याचा पुरावाच झाला. तेही खरं नाही. या एका शब्दावर दोन्ही बाजूंनी नको तेवढा भार टाकला जातो.

आधी व्याकरण. ‘होराओ’ म्हणजे मी पाहतो. त्याचं भूतकाळी कर्मणी रूप, तृतीय पुरुष एकवचन, म्हणजे ‘ओफ्थे’. धातू बदलल्यासारखा वाटतो, कारण या क्रियापदाची रूपं वेगवेगळ्या मुळांवरून आली आहेत. चष्म्याच्या दुकानावर ‘ऑप्टिकल्स’ लिहिलेलं असतं, त्यातलं ‘ऑप’ हे ते दुसरं मूळ. शब्दशः अर्थ ‘पाहिला गेला’. पण ज्याने पाहिलं तो इथे ‘कडून’ या अर्थाच्या ‘हुपो’ला जोडून येत नाही, तो चतुर्थीत येतो: ‘ओफ्थे केफा’, केफाला दिसला. इंग्रजी बायबल वाचणाऱ्याला ही रचना समजावून सांगावी लागते. आपल्याला नाही, कारण आपण रोज तशीच बोलतो. ‘काल स्टेशनवर मला तुझा भाऊ दिसला.’ ‘पहाटे स्वप्नात आजी दिसली.’ दोन्हीकडे क्रियापद तेच आहे. भाऊ हाडामांसाचा आणि आजी स्वप्नातली, हे ‘स्टेशनवर’ आणि ‘स्वप्नात’ या शब्दांनी ठरलं. ‘दिसला’ने नव्हे.

ग्रीकमध्येही नेमकं हेच होतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात मोशेची पुस्तकं (बायबलची पहिली पाच) ग्रीकमध्ये आली, तेव्हा हिब्रू ‘वय्येरा’ (‘आणि तो दिसला’) यासाठी भाषांतरकारांनी ‘ओफ्थे’ वापरलं. उत्पत्ती १२:७ मध्ये परमेश्वर अब्रामाला दिसतो, तिथे हाच शब्द आहे. नव्या कराराचे लेखक हे ग्रीक भाषांतर वापरत होते, त्यामुळे ‘ओफ्थे’ला देवाच्या प्रकट होण्याचा गंध आहे हे मान्यच करायला हवं. पण त्याच उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाणी एका जागी जमतं आणि कोरडी जमीन दिसू लागते, तिथेही ‘ओफ्थे’च आहे. जुन्या करारातल्या गीतरत्न या पुस्तकात पावसाळा सरल्यावर जमिनीवर फुलं दिसू लागतात, तिथेही तेच. आणि राजांच्या पहिल्या पुस्तकात देव एलिया संदेष्ट्याला सांगतो, जा, अहाब राजाच्या समोर जा. ते ‘समोर जा’ याच क्रियापदाचं आज्ञार्थी रूप आहे. एलिया काही स्वप्नात गेला नाही, चालत गेला.

मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायातला वाटतो. येशूचा अनुयायी स्तेफन यहुद्यांच्या न्यायसभेपुढे उभा राहून इस्राएलाचा इतिहास सांगतो. दुसऱ्या वचनात गौरवशाली देव मेसोपोटेमियात अब्राहामाला दिसतो: ओफ्थे. तिसाव्या वचनात सीनाय डोंगराच्या रानात जळत्या झुडपात मोशेला दूत दिसतो: ओफ्थे. आणि या दोहोंच्या मध्ये, सव्विसाव्या वचनात, दोन इस्राएली भांडत असताना मोशे त्यांच्यापुढे येतो. तिथेही ओफ्थे! तो त्यांच्यात समेट करायला बघतो, तर दोघांतला अन्याय करणारा त्याला ढकलून देतो. ज्याला ढकलता येतं तो दृष्टांत नसतो. एकच वक्ता, एकच भाषण आणि एकाच शब्दाने देव, दूत आणि माणूस असे तिघेही दिसतात. उलट सोळाव्या अध्यायात पौलाला मासेदोनियाचा माणूस दिसतो, तेव्हा या पुस्तकाचा लेखक लूक ‘रात्री’ आणि ‘होरामा’, म्हणजे दृष्टांत, असं वेगळं लिहितो. ‘ओफ्थे’मध्ये दृष्टांत आपसूक आला असता तर हे लिहायची गरज काय होती?

‘फक्त दृष्टांत’ हे मत अगदी हवेतून आलेलं नाही, हेही सांगायला हवं. किटेल यांनी संपादित केलेल्या नव्या कराराच्या ग्रीक शब्दकोशात विल्हेल्म मिखाएलिस यांनी या क्रियापदावरच्या लेखात भर दिला तो प्रकट होण्यावर. डोळ्यांनी पाहिलं का, हा मुद्दा त्यांनी दुय्यम मानला. त्यांचं म्हणणं जितकं सावध होतं तितकं ते पुढे सांगणाऱ्यांकडे उरलं नाही.

मग या शब्दात विशेष काहीच नाही का? आहे. दिसण्याचा पुढाकार कोणाचा, हे तो सांगतो. पौलाचाच समकालीन, अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो, अब्राहामाविषयी लिहिताना याच शब्दावर थांबतो: ज्ञानी माणसाने देवाला पाहिलं असं लिहिलेलं नाही, देव ज्ञानी माणसाला दिसला असं लिहिलंय, कारण देवाने स्वतःहून दाखवल्याशिवाय त्याला कुणी पाहू शकत नाही. करिंथच्या यादीत मला हेच ऐकू येतं. केफाने शोधून काढलं नाही, पाचशे जण वाट बघत बसले होते असं नाही. आणि येशूच्या अनुयायांचा छळ करणाऱ्या पौलाने तर मुळीच शोधलं नव्हतं. स्वतःला तो त्या यादीत अकाली जन्मलेल्यासारखा म्हणवतो.

आता पौलाला काय म्हणायचं होतं? ते आजूबाजूच्या वाक्यांत शोधा. याच पत्राच्या ९:१ मध्ये तो तेच क्रियापद कर्तरीत वापरतो, ‘हेओराका’: आपल्या प्रभू येशूला मी पाहिलं नाही काय? म्हणजे ‘मला दिसला’ आणि ‘मी पाहिला’ यांत त्याला विरोध वाटत नाही. यादीच्या आधी ‘पुरला गेला’ आणि ‘उठवला गेला’ हे येतं. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असं तो मुद्दाम नोंदवतो, आणि हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५च्या सुमाराचं आहे. पुढे ३५व्या वचनापासून अध्याय संपेपर्यंत चर्चा चालते ती शरीराची, पण पेरलेलं एक आणि उगवलेलं दुसरं अशा बदललेल्या शरीराची. हे सगळं एकत्र वाचल्यावर माझं मत असं की पौल मनातल्या प्रतिमेबद्दल बोलत नाही आणि कबरेतून जसंच्या तसं उठून आलेल्या देहाबद्दलही नाही. तुम्हाला हे मत पटलं नाही तर वाद याच वाक्यांवर घाला, ‘ओफ्थे’वर नको.

तुम्ही शेवटी विचारलंय की मराठीत ‘दर्शन दिले’ म्हणणं चूक का. चूक नाही. पुढाकार त्यातही बरोबर येतो, आणि अब्राहामाच्या प्रसंगाला ते शोभतंही. पण भांडणाऱ्या दोघांना मोशेने ‘दर्शन दिले’ असं कुणी म्हणणार नाही, आणि ‘दर्शन’ म्हटलं की आपल्या कानाला गाभारा ऐकू येतो. करिंथकरांच्या पत्रात हा शब्द पाच ते आठ या वचनांत चार वेळा येतो. त्या चारही ठिकाणी मी साधं ‘दिसला’च ठेवीन.