रिकॉल चालू करण्याआधी

नवा कोपायलट प्लस (विंडोजचा एआय) लॅपटॉप घेतलाय ना? मग आधी सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन 'रिकॉल अँड स्नॅपशॉट्स' बंद आहे का ते बघा. रिकॉल म्हणजे आधी स्क्रीनवर पाहिलेलं पुन्हा शोधून देणारी विंडोजची सोय; ती चालू असेल तर दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो साठत राहतो. २०२४ मध्ये खासगीपणावरून ओरड झाल्यावर हा साठा एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) झाला, हे खरं. पण मेख पिनमध्ये आहे: चेहरा नोंदवलेला असला तरी पिननेही हा साठा उघडता येतो. घरात सगळ्यांना ठाऊक असलेला पिन आजच बदला. रिकॉल ठेवायचंच असेल तर बँकेची साइट फिल्टरमध्ये, म्हणजे टिपू नयेत अशा साइट्सच्या यादीत, स्वतः घाला. पासवर्ड आणि कार्ड नंबर आपोआप गाळणारी चाळणी कधीकधी चुकते. आणि समोरच्याच्या मशीनवर रिकॉल चालू असेल, तर तुम्ही पाठवलेला, नंतर पुसला जाणारा मेसेजही तिथे टिपला जाऊ शकतो.