रानअळंबी: विकायची कुणी, तपासायची कुणी? काही प्रश्न आणि उत्तरं

पावसाळ्यात नाशिकच्या पेठ रोडला पानांवर वाटे लावून अळंबी विकतात. घ्यावी का? सासूबाई म्हणतात, भाजीत चांदीचा चमचा काळा पडला नाही तर बिनधास्त खावी.

चमच्यावर अजिबात विसंबू नका. सर्वांत घातक विष, अमाटॉक्सिन, चांदी काळी करत नाही आणि शिजवून किंवा वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये एखादा दिवस बरं वाटतं आणि नेमकं त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. त्रास सुरू होताच उरलेली भाजी सोबत घेऊन मोठं रुग्णालय गाठा.

घेताना अखंड अळंबी मागा. वारुळावरच्या, खाण्याजोग्या अळंबीचा देठ खाली निमुळता होत मुळासारखा खोल गेलेला असतो. नुसत्या छत्र्या कापून आणल्या असतील तर ही खूण जमिनीतच राहिली. त्या घेऊ नका. मात्र एवढ्या एका खुणेवर स्वतः काढायलाही जाऊ नका.

आम्ही सुरगाण्याकडचे. आई अळंबी काढते. नाशिकला विकायला नेली तर वनखातं अडवेल का?

वनहक्क कायदा, 2006 प्रमाणे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातली उपज, गोळा करून विकण्याचा हक्क वनात राहणाऱ्या आदिवासींचा आणि पारंपरिक वननिवासींचा आहे. 2012 च्या सुधारित नियमांनुसार वाहतुकीचा पास ग्रामसभेची समिती देते. अडचण एकच: व्याख्येत ‘वनस्पतीजन्य’ उपज म्हटलंय आणि अळंबी शास्त्राप्रमाणे बुरशी. वाद होण्याआधीच ग्रामसभेच्या ठरावात अळंबीचं नाव घालून घ्या. माझ्या मते कायद्यातच ती नावानिशी यायला हवी.

हॉटेलसाठी व्यापाऱ्याकडून सुकी रानअळंबी घेतो. त्याच्याकडे अन्नपरवाना आहे. पुरेसं आहे ना?

नाही. परवाना व्यापाऱ्याची नोंद आहे, अळंबीची ओळख नव्हे. सुक्या तुकड्यांवरून जात सांगणं जाणकारालाही अवघड जातं. कुठल्या गावची, कधी काढली, कुणी ओळखली, हे लिहून मिळत नसेल तर माल परत करा.

मग सरळ बंदीच का नको?

कारण अळंबी ओळखणाऱ्या बाईचीच त्यात कमाई जाईल आणि माल चोरून येत राहील. स्वित्झर्लंडमध्ये लोक टोपली घेऊन तपासणी केंद्रावर जातात, तिथला प्रशिक्षित माणूस एकेक अळंबी पाहून विषारी बाजूला काढतो. नाशिकच्या भाजीबाजारात पावसाळ्याचे चार महिने असा एक तपासनीस बसवावा, आणि त्याच्या शेजारी पेठ-सुरगाण्याची एखादी जाणकार आजी, मानधन देऊन.